लोकमान्य नगरातलं एक घर, दोन पाणी आणि न घेतलेला सॉफ्टनर

मागच्या मेमध्ये मावसभावाचा फोन आला. "ताई, अठ्ठेचाळीस हजारांचं कोटेशन आलंय. पाणी मऊ करायचा सॉफ्टनर घेऊ की नको, एवढंच सांग."

मी विचारलं, पाणी किती कठीण आहे?

"खूप."

आकडा सांग.

"आकडा काय त्यात! गीझरचं एलिमेंट पुन्हा उडालं, डाळ शिजत नाही आणि सून रोज केस मोजते."

मी इंदूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढली. 'खूप' हे उत्तर मी विद्यार्थ्यांकडूनही कधी घेतलं नाही, भावाकडून तर मुळीच घेणार नव्हते. रविवारी ब्यूरेट (थेंबथेंब मोजून सोडायची काचेची नळी), स्टँड आणि तीन बाटल्या पिशवीत घालून गेले. एका भेटीत संपेल वाटलेलं प्रकरण वर्षभर चाललं.

घर जुनं, बंगलीवजा, लोकमान्य नगरात. खाली सहा माणसं: मावशी (वय ८१, रक्तदाबाच्या गोळ्या चालू), भाऊ, भावजय, भाचा, भाचेसून आणि चार वर्षांची नात. वर भाड्याने राहणारं नोकरदार जोडपं. म्हणजे आठ माणसं आणि, इंदूरच्या बहुतेक जुन्या घरांत असतात तशी, दोन पाणी. एक नर्मदेचं. ते एक दिवसाआड येतं आणि अंगणातल्या जमिनीखालच्या हौदात पडतं. दुसरं बोरिंगचं. त्याची मोटर परसात, आणि पाणी थेट गच्चीवरच्या टाकीत. हौदातलं पाणी वर चढवायला वेगळा पंप. गच्चीवर टाकी मात्र एकच, दोन हजार लिटरची, आणि तिच्यातून सगळं घर.

मावशी लग्न होऊन या शहरात आली तेव्हा नर्मदा नव्हती. १९३९ साली बांधलेलं यशवंत सागर, बिलावलीचा तलाव, विहिरी, यांवर शहर चालायचं. नर्मदेकाठच्या जलूदहून पाणी विंध्य चढून इंदूरला आलं १९७८ मध्ये. तेव्हापासून मावशीच्या बोलण्यात नळ 'येत' नाहीत, नर्मदा येते. "नर्मदा आली गं, हौदाचं झाकण काढ." हे वाक्य मी त्या घरात शेकडो वेळा ऐकलं आहे. या प्रकरणाची किल्ली त्याच वाक्यात होती, पण मला ती दिसायला दोन आठवडे लागले.

आधी विक्रेत्याचं सांगते. मुलगा नम्र होता, आंटीजी-आंटीजी करत होता. कंपनीचं नाव घेत नाही, कारण जे त्याने केलं ते बरेच जण करतात. त्याने टाकीचं पाणी ग्लासात घेतलं, टीडीएस मीटर बुडवला, ६९० दाखवलं आणि म्हणाला, आमचं मशीन लावलं की हे पन्नासवर येईल. मग दोन सळयांचं एक उपकरण पाण्यात घालून वीज सोडली. पाणी गढूळ तपकिरी झालं. भावजयीने तोंडावर हात ठेवला. "हे आम्ही पितो?"

तो तपकिरी गाळ पाण्यातला नव्हता. लोखंडाची सळई विजेने झिजते आणि तिचा गंज पाण्यात उतरतो. पाण्यात क्षार जास्त तेवढी वीज जास्त वाहते आणि गंज जास्त पडतो. आरओच्या पाण्यात क्षार कमी, म्हणून ते स्वच्छ राहतं. टाकीच्या पाण्याऐवजी मिठाचं पाणी घेतलं असतं तरी तेवढाच, किंबहुना जास्त, 'कचरा' निघाला असता.

आणि टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार. सॉफ्टनरच्या टाकीत रेझिनचे बारीक मणी असतात आणि त्यांवर सोडियम बसलेलं असतं. कठीण पाणी त्यांतून गेलं की कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मण्यांना चिकटतात आणि त्यांच्या जागी सोडियम पाण्यात येतं. अदलाबदल आहे, वजाबाकी नाही. विरघळलेले क्षार तेवढेच राहतात, वजनात पाहिलं तर किंचित वाढतात. सॉफ्टनर लावून ६९० चं पन्नास होत नाही, ६९० चं ७०० होऊ शकतं. टीडीएस कमी करायचं काम आरओचं. ही गल्लत इतकी पसरली आहे की माझ्या ओळखीतले दोन इंजिनिअरसुद्धा मीटर बुडवून "पाणी हार्ड आहे" म्हणतात. मीटर सगळ्या क्षारांची गोळाबेरीज सांगतो. त्यांत कॅल्शियम किती, मीठ किती, हे त्याला कळत नाही.

त्या मुलाने तिसरा प्रयोग केला तो मात्र खरा होता. दोन बाटल्या, एकीत टाकीचं पाणी, दुसरीत त्याने आणलेलं सॉफ्टनरचं. दोन्हींत साबणाचे तेवढेच थेंब, आणि हलवणं. सॉफ्टनरच्या पाण्यात गच्च फेस, टाकीच्या पाण्यात दह्यासारख्या गुठळ्या. शाळेच्या पुस्तकात आपण याला दुष्फेन आणि सुफेन म्हणायचो. शब्द अवघड वाटायचे, पण नेमके आहेत: फेस होतो की नाही, त्यावरूनच नाव. इंदूरमध्ये सगळे 'भारी पाणी' म्हणतात. तेही चालेल.

आता माझी मोजणी. पन्नास मिलिलिटर पाणी चंचुपात्रात, त्यात अमोनियाच्या वासाचं बफर, चिमूटभर निर्देशक. पाणी कोकमाच्या सरबताच्या रंगाचं होतं. वरून ब्यूरेटमधलं ईडीटीए, कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधून घेणारं रसायन, थेंबथेंब सोडायचं. बराच वेळ काहीच होत नाही, मग लाल जांभळ्याकडे झुकतो आणि एका थेंबाला एकदम निळा. जितके मिलिलिटर लागले त्याला वीसने गुणायचं, की लिटरमागे कठीणपणा मिलिग्रॅममध्ये, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. नात स्टुलावर उभी राहून बघत होती. "निळं!" हे ती माझ्या आधी ओरडायची, आणि खरं सांगायचं तर तिची नजर माझ्यापेक्षा बरी निघाली.

हौदातल्या नर्मदेच्या पाण्याला ६.५ मिलि लागलं, म्हणजे १३०. बोरिंगला २८, म्हणजे ५६०. गच्चीच्या टाकीला २१.५, म्हणजे ४३०.

भारतीय मानक १०५०० (२०१२ ची आवृत्ती) पिण्याच्या पाण्यात २०० पर्यंत कठीणपणा योग्य मानतं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. जागतिक आरोग्य संघटनेने कठीणपणासाठी आरोग्याच्या कारणाने कोणतीही मर्यादा घातलेली नाही. मावशीचा प्रश्न तयारच होता: "पण याने मुतखडा होतो ना?" कठीण पाण्याने मुतखडा होतो असं ठरलेलं नाही. पाणी कमी पिण्याने मात्र होतो, आणि मावशी दिवसाला चार भांडी पाणी पिते. तिला तेच सांगितलं. तिला ते आवडलं नाही.

बोरिंगचं पाणी मी भांड्यात पंधरा मिनिटं उकळलं, गार करून गाळलं, उडालेल्या पाण्याच्या जागी डिस्टिल्ड वॉटर घालून मूळ माप पुरं केलं आणि पुन्हा मोजलं. २८ चे १३ झाले. म्हणजे निम्म्याहून थोडा जास्त कठीणपणा तात्पुरता, उकळल्यावर चुन्यासारखा खाली बसणारा. भांड्याच्या तळाशी पांढरी साय दिसतच होती. गीझरमध्ये जे होत होतं ते हेच.

माळव्याच्या पठाराखाली काळा बेसाल्ट आहे. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याच्या भेगांतून झिरपतं आणि दगडातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम सोबत आणतं. गंमत अशी की याच दगडाच्या पोकळ्यांत झिओलाइटचे स्फटिक सापडतात, आणि पाणी मऊ करायची पहिली यंत्रं झिओलाइटच्याच जातीच्या खनिजांवर चालायची. रोग आणि औषध एकाच खाणीत. पण हे सांगायला लागले की भाऊ जांभई देतो.

उडालेलं एलिमेंट भाच्याने फेकलं नव्हतं. ते बघण्यासारखं होतं. तांब्याची नळी कुठेच दिसत नव्हती. जाड पिवळट कवच, काही ठिकाणी बोटाएवढं, वाळलेल्या चिकट मातीसारखं थरांथरांचं. स्क्रूड्रायव्हरने टोचलं तर एक पापुद्रा निघाला आणि खाली नळी फुटलेली. कवचामुळे उष्णता बाहेर जात नाही, नळी आतून तापत राहते आणि एक दिवस फुटते. विक्रेता म्हणाला होता, विजेचं बिल तीस टक्के वाढतं. विजेच्या गीझरमध्ये ते खरं नाही. एलिमेंट पाण्यातच बुडलेलं असतं, त्याची उष्णता पाण्याशिवाय जाणार कुठे? उशिरा का होईना, जाते पाण्यातच. बिल जवळपास तेवढंच येतं, मरतं ते एलिमेंट. गॅसच्या गीझरची गोष्ट वेगळी, तिथे न गेलेली उष्णता धुराबरोबर उडून जाते.

थर्मोस्टॅट बघितला तर ७५ वर. एवढ्या तापाला थर भराभर बसतो. तो ६० वर आणला. हा पहिला उपाय, खर्च शून्य.

डाळीचा प्रयोग भावजयीने स्वतः केला आणि तो माझ्या ब्यूरेटपेक्षा घरात जास्त पटला. कुकरमध्ये दोन डबे, दोन्हींत अर्धी-अर्धी वाटी तूरडाळ, एकात हौदाचं पाणी, एकात बोरिंगचं. चार शिट्या. पहिल्या डब्यातली डाळ पळीने ढवळताच एकजीव झाली. दुसऱ्यातली शिजली होती, पण दाणा दाण्याशी फटकून, आणि वर पिवळं पाणी वेगळं. कॅल्शियम डाळीच्या पेशी जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला आणखी घट्ट बांधतं, म्हणून दाणा फुटत नाही. मावशी म्हणाली, "म्हणून आम्ही वरणाला नर्मदा वेगळी भरून ठेवायचो." तिच्या स्वयंपाकघरात तांब्याची कळशी त्यासाठीच होती. नवा ओटा झाला तेव्हा कळशी माळ्यावर गेली.

हौद का भरलेला होता?

तिसऱ्या रविवारी मी सकाळी लवकर गेले, कारण नर्मदा यायची होती. आली. मावशीने नेहमीचं वाक्य म्हटलं. भावाने हौदाचं झाकण काढलं आणि मी आत वाकून पाहिलं. हौद आधीच तीन चतुर्थांश भरलेला. वीसेक मिनिटांत तो काठोकाठ झाला आणि पुढचा अर्धा तास नर्मदेचं पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून गटारात गेलं.

मी भावाकडे बघितलं. तो म्हणाला, "हो, हल्ली वाहून जातं थोडं. पाणी चांगलं येतंय."

मग जिना चढून गच्चीवर गेलो. तीन वर्षांपूर्वी टाकीत पाण्याची पातळी ओळखून मोटर आपोआप चालू-बंद करणारा कंट्रोलर बसवला होता. तो बोरिंगच्या मोटरला जोडलेला. कारण? बोरिंगची मोटर बंद करायला सगळे विसरायचे आणि शेजाऱ्यांकडे पाणी जायचं. हौदाचा पंप मात्र हाताने चालू करायचा. म्हणजे टाकी जरा खाली गेली की बोरिंग ती भरून टाकणार, आणि कोणी आठवणीने हौदाचा पंप लावायला जावं तर टाकीत जागाच नाही. ४३० हा आकडा दगडाने दिला नव्हता, कंट्रोलरने दिला होता. १३० आणि ५६० यांच्या मिश्रणातून ४३० येतो तेव्हा टाकीत सत्तर टक्के बोरिंग असतं. घरात शंभर पावलांवर मऊ पाणी गटारात जात होतं आणि घरातले लोक कठीण पाणी मऊ करायला अठ्ठेचाळीस हजार मोजायला निघाले होते.

गीझरची तक्रार किती वर्षांची, असं मी भाच्याला विचारलं. त्याने फोनवर बिलं शोधली. पहिलं एलिमेंट बदललं ते कंट्रोलर बसवल्यानंतर आठ महिन्यांनी.

पण यावरून "मग सॉफ्टनर नको" असं लगेच ठरत नव्हतं. नर्मदा पुरते का, हे पाहायला हवं होतं. नळाखाली वीस लिटरची बादली लावली, चाळीस सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला तीस लिटर. पाणी पन्नास मिनिटं टिकलं, म्हणजे एका खेपेला पंधराशे लिटर, रोजचे साडेसातशे. घराला लागतं किती? दोन्ही मोटरी एक दिवस बंद ठेवून टाकीची पातळी मोजली, तर साडेनऊशे लिटर. आठ माणसांना माणशी १३५ लिटर धरतात त्या हिशेबाने १०८० होतात, त्यापेक्षा थोडं कमीच. रोज दोनशे लिटर कमी पडणार. ते बोरिंगचे घेतले तर मिश्रण साधारण २२० वर येतं. आणि फ्लश, अंगण, कुंड्या, गाडी धुणं यांना रोज जवळजवळ तीनशे लिटर जातात, त्यांना मऊ पाणी लागतंच कशाला?

सॉफ्टनरचा हिशेब, प्रामाणिकपणे

भाचेसून म्हणाली, "आत्या, तुम्ही आधीच ठरवून आला आहात." तिचं माहेर पुण्याचं. खडकवासल्याचं पाणी मऊ असतं, आणि लहानपणापासून त्यात न्हायलेल्या मुलीला इथल्या पाण्यात साबण अंगावरून निघतच नाही असं वाटतं. तिचं वाटणं खोटं नाही. अंगावर राहतो तो साबण नव्हे, साबण आणि कॅल्शियमची न विरघळणारी मळी. म्हणून मी तिच्यासमोर कागद घेऊन बसले.

कोटेशनमधल्या यंत्रात २५ लिटर रेझिन होतं. रेझिन कॅल्शियम-मॅग्नेशियमने भरलं की मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा सोडियम बसवावं लागतं. रेझिनच्या एका लिटरमागे दीडशे ग्रॅम मीठ वापरून ते धुतलं तर साधारण पन्नास ग्रॅम कठीणपणा पकडतं. म्हणजे एका धुण्यात साडेबाराशे ग्रॅम. वर्षभराची सरासरी ३८० धरली (पावसाळ्यात बोरिंग थोडं उतरतं) आणि रोजचं साडेनऊशे लिटर पाणी, तर रोज ३६१ ग्रॅम. साडेतीन दिवसांत रेझिन भरणार. वर्षात सुमारे १०५ धुणी, दर वेळी पावणेचार किलो मीठ, म्हणजे जवळपास चारशे किलो. विक्रेत्याने पन्नास किलोचं पोतं सहाशेला सांगितलं होतं. वर्षाला पावणेपाच हजारांचं मीठ. शिवाय सर्व्हिसचा करार अडीच हजार. आणि प्रत्येक धुण्याला दोनशे लिटर पाणी गटारात, वर्षाला एकवीस हजार लिटर. मेमध्ये ज्या गल्लीत टँकर येतात तिथे.

समोरच्या बाजूला कठीण पाण्यामुळे होणारा खर्च: तीन वर्षांत चार एलिमेंट, मजुरीसकट ५६०० रुपये. आरओचं मेंब्रेन दोन वर्षांऐवजी दर वर्षी, वर्षाला बाराशेचा फटका. कपड्यांची पावडर दरमहा दीडशेची जास्त, असं भावजयीचं म्हणणं. शॉवर, नळाच्या जाळ्या वगैरे आठशे. सगळे मिळून वर्षाला पावणेसहा हजारांच्या आत. मीठ आणि सर्व्हिस सव्वासात हजार. मूळ रक्कम परत येण्याचा प्रश्नच नाही, वर्षाचा खर्चही निघत नाही.

"पैसे सोडा," भाचेसून म्हणाली. "केसांचं काय? हिच्या खाजेचं काय?" नातीच्या कोपराच्या आत लाल चट्टे येतात, डॉक्टरांनी एक्झिमा म्हटलं आहे. ब्रिटनमध्ये ३३६ मुलांवर नेमकी याचीच चाचणी झाली होती, निकाल २०११ साली छापून आला. निम्म्यांच्या घरी सॉफ्टनर बसवला, निम्म्यांचे नेहमीचे उपचार चालू ठेवले. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत फरक नव्हता. केसांबद्दल सांगायचं तर कठीण पाण्याने केस राठ होतात, चमक जाते, हे खरं. मुळापासून गळतात याला आधार नाही. ती गप्प बसली, पण पटल्यामुळे नव्हे. पुढच्या आठवड्यात तिने अठराशे रुपयांचा शॉवर फिल्टर मागवला. मी फिल्टरच्या आधीचं आणि नंतरचं पाणी मोजलं, दोन्ही वेळा ब्यूरेटवर तोच आकडा. तो फिल्टर अजून तिथे आहे. मी त्यावर पुन्हा बोलले नाही.

दोन गोष्टी मात्र पैशात मोजता येत नव्हत्या. पहिली मावशी. कठीणपणाच्या दर शंभर मिलिग्रॅमच्या बदल्यात ४६ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येतं. ४३० चं पाणी मऊ केलं तर लिटरमागे जवळजवळ दोनशे. प्यायला आरओ असला तरी वरण, भात, भाज्या, कणीक, सगळं नळाच्या पाण्यात. तिला डॉक्टरांनी लोणचं-पापड बंद केलेत आणि आपण नळातून मीठ सोडायचं? यावर उपाय असतो, स्वयंपाकघराचा नळ सॉफ्टनरच्या आधी काढतात. कोटेशनमध्ये तो नव्हता. दुसरी गोष्ट परसातली. रेझिन धुतलेलं मीठपाणी तिथल्या चेंबरमध्ये सोडायचं ठरलं होतं, आणि तो चेंबर पावसात तुंबतो. काळ्या मातीत सोडियम मुरलं की तिचा पोत मोडतो, ओली असताना चिखल आणि सुकली की दगड. तिथे जास्वंद, कढीपत्ता आणि मावशीची तुळस आहे.

काय केलं, ते थोडक्यात. कंट्रोलर बोरिंगवरून काढून हौदाच्या पंपाला जोडला, आणि हौद रिकामा असताना पंप कोरडा फिरू नये म्हणून हौदात एक सेन्सर. इलेक्ट्रिशियनने सतराशे घेतले. बोरिंग आता हाताने, टाकी अर्ध्याच्या खाली गेली तरच. फ्लशची लाइन पूर्ण वेगळी करायला प्लंबरने बावीस हजार सांगितले, कारण बाथरूमच्या टाइल फोडाव्या लागणार होत्या. भावजय म्हणाली, टाइलला कोणी हात लावायचा नाही. मग फक्त मागचा संडास, अंगणाचा नळ आणि परसातला धुण्याचा दगड यांच्यासाठी पाचशे लिटरची वेगळी टाकी आणि उघड्यावरून पाइप, ६८०० रुपयांत. दिसायला वाईट आहे. बोरिंग थेट तिच्यात.

बोरिंगच्या पाइपाला आणखी एक वस्तू लटकलेली होती, ती याच वेळी काढली. दोन जाड चुंबकांची पट्टी. भावाने दोन वर्षांपूर्वी साडेतीन हजारांना घेतली होती, पाणी 'चुंबकीय' होऊन थर बसत नाही म्हणे. माझे २८ मिलि त्या चुंबकातून गेलेल्या पाण्याचेच होते, आणि ते एलिमेंटही.

वर्षभराच्या नोंदी एका वहीत आहेत. जूनअखेर टाकी २१० वर. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात १५० ते १९०. दिवाळीत पाहुणे आले तेव्हा चार दिवस २६०. गीझरचं नवं एलिमेंट अकरा महिन्यांनी मुद्दाम उघडून पाहिलं. नळीवर पांढरी पूड, नखाने निघणारी. सायट्रिक अॅसिड कोमट पाण्यात घालून तासभर बुडवलं, थोडा फेस आला आणि तांबं दिसलं. (संडास धुण्याचं अॅसिड यासाठी वापरू नये, ते थराबरोबर धातूही खातं.) वरण चार शिट्यांत होतं. कळशी माळ्यावरून उतरली नाही, तशी गरजही उरली नाही. वरच्या भाडेकरूंना यातलं काहीच सांगितलं नव्हतं. डिसेंबरमध्ये त्या बाई जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, हल्ली काचेचे ग्लास पांढरे दिसत नाहीत, साबण बदलला म्हणून असेल.

यंदाचा मे मात्र अवघड गेला. नर्मदा तीस-पस्तीस मिनिटांवर आली, धारही बारीक, आणि टाकी तीन आठवडे ३१० च्या आसपास राहिली. भाचेसुनीने वहीतलं ते पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. तिचा मुद्दा बरोबर होता. ही व्यवस्था नर्मदेच्या जिवावर आहे. हेच घर बायपासपलीकडच्या एखाद्या नव्या वसाहतीत असतं, जिथे बोरिंग आणि टँकर सोडून काहीच नाही, आणि आकडा सहाशे-सातशेचा असता, तर मी पहिल्याच रविवारी 'घ्या' म्हटलं असतं. स्वयंपाकघराचा नळ वगळून, मीठपाणी झाडांपासून दूर सोडून, आणि मऊ पाणी फक्त न्हाणी, गीझर व वॉशिंग मशीनला देऊन. तशा दोन घरांना मी तसं सांगितलंही आहे.

आम्ही मिळून एक ठरवलं. टाकीचा आकडा सलग दोन महिने ३०० च्या वर राहिला, तर प्रश्न पुन्हा उघडायचा, आणि तेव्हा छोटं यंत्र, दहा लिटर रेझिनचं, नुसत्या न्हाणीच्या लाइनला. तोवर जुनं कोटेशन फेकायचं नाही. ते फ्रिजच्या दारावर आहे. त्यावर पाइपावरचं ते चुंबक लावलंय, त्याने कागद चांगला धरला आहे.